एक तप : शामराव परुळेकर यांची वाटचाल

शहापूर सोडून आत शिरले की शेणवा लागतो, किन्हवली लागते, डोळखांब लागते. पलीकडे मुरबाडच्या अंगाला सरळगाव आणि टोकावडे. ही सारी आपल्या पायाखालची गावे. या गावांतील माणसाला दिल्लीच्या लोकसभेचे सभासदत्व म्हणजे काय असे विचारले, तर तो बहुधा हसेल आणि निवडणुकीच्या दिवसांत गावातून धूळ उडवीत गेलेल्या मोटारीची आठवण सांगेल. तो चुकतो असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या माणसाला मत मागायला कोणी येत नव्हते, ज्याला मतच नव्हते, ज्याच्या नावावर जमीन नव्हती आणि ज्याचे अंगसुद्धा त्याच्या मालकीचे नव्हते, तो माणूस एके दिवशी रांगेत उभा राहून दिल्लीला आपला माणूस पाठवतो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. ती आपल्या जिल्ह्यात घडली. झरीच्या माळावर वेठ मोडण्याचा ठराव झाला १९४५ साली, आणि त्याच चळवळीचा पुढारी ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेला १९५७ साली. मध्ये गेले अवघे एक तप. त्या तपाची आणि त्या पुढाऱ्याची, म्हणजे शामराव परुळेकर यांची, हकीकत आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. शामराव कम्युनिस्ट होते. या सभागृहात त्या पक्षाला मानणारे असतील, न मानणारे असतील, आणि त्याचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालणारेही असतील. आम्ही येथे कोणाचा प्रचार करावयास उभे नाही. इतिहासाकडे पाहताना माणसाने कोणत्या रंगाचा झेंडा धरला होता हे पाहावेच. पण तो झेंडा त्याने कोणाच्या हातात दिला हेही पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.

या माणसाची राजकीय शाळा पाहू गेल्यास ती थेट नामदार गोखल्यांच्या घराण्यातली निघते. भारत सेवक समाजाची स्थापना गोखल्यांनी १९०५ साली पुण्यास केली. देशकार्य हे फावल्या वेळचे काम नसून जन्माचे व्रत आहे, आणि ते मोजक्या वेतनात, अभ्यासपूर्वक व कायद्याच्या चौकटीत राहून करावयाचे, ही त्या संस्थेची शिकवण. त्याच संस्थेतून ठक्करबाप्पा भिल्लांच्या सेवेत गेले आणि ना. म. जोशी मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या संघटनेत गढून गेले. शामराव परुळेकर याच समाजाचे सभासद. कामगारांचा प्रश्न त्यांनी प्रथम अभ्यासला तो या वातावरणात. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या गोदावरीबाई, माहेरच्या गोखले, याही या समाजाच्या सभासद होत्या. ज्या माणसांनी पुढे जंगलात जाऊन वारली लोकांच्या झोपड्यांत मुक्काम टाकला, ती माणसे अर्ज, अहवाल आणि आकडे यांच्या शिस्तीत वाढलेली होती, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या पुढच्या कामाची पद्धत समजण्यास त्याचा उपयोग होतो.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. मताधिकार मर्यादित होता. जमीन, कर किंवा शिक्षण यांचा पुरावा असेल त्याला मत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आदल्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. त्या पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांपैकी १४ निवडून आले. अस्पृश्यांसाठी राखून ठेवलेल्या जागांखेरीज काही सर्वसाधारण जागाही पक्षाने जिंकल्या, आणि त्यांतील एक रत्नागिरी जिल्ह्यातून शामराव परुळेकरांनी. पांढरपेशा वर्गातला हा गृहस्थ आंबेडकरांच्या पक्षाचा उमेदवार म्हणून कोकणात उभा राहतो आणि कुळांच्या मतांवर निवडून येतो, ही त्या काळी साधी घटना नव्हती.

कोकणातला तेव्हाचा मोठा प्रश्न खोतीचा. सरकार आणि कसणारे कूळ यांच्यामध्ये खोत नावाचा दलाल बसलेला. सरकारचा सारा तो भरी आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करी, वर घरकामाची वेठ वेगळीच. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल विधिमंडळात मांडले. बिल मांडून कागद हलत नाही हे जाणून १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा काढण्यात आला. बोटींतून, आगगाड्यांतून, कित्येक पायी असे हजारो शेतकरी कौन्सिल हॉलकडे चालून गेले. पुढाऱ्यांत बाबासाहेबांबरोबर परुळेकर होते, इंदुलाल याज्ञिक होते. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वराज्य आल्यावर, १९४९ च्या कायद्याने. पण महार आणि कुणबी एकाच मागणीसाठी एका रांगेतून चालले ते त्या दिवशी, आणि शामरावांनी पुढे जन्मभर जो धडा गिरवला तो तेथलाच. तो धडा असा की विधिमंडळातले भाषण आणि रस्त्यावरचा मोर्चा या एकाच गाडीच्या दोन बैलांसारख्या गोष्टी आहेत. एकावर गाडी चालत नाही.

त्याच वर्षी जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जाऊन आले. परत आल्यावर नोव्हेंबरात औद्योगिक कलह बिलाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्याच्या आघाडीवरही ते होते. या संपात कम्युनिस्ट आणि स्वतंत्र मजूर पक्ष प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. येथून शामरावांचे पाऊल दुसरीकडे वळू लागले. १९३९ साली त्यांचा गोदावरीबाईंशी विवाह झाला. महायुद्ध सुरू झाले. उभयता कम्युनिस्ट पक्षात गेली, आणि युद्धविरोधी चळवळीपायी तुरुंगातही गेली. नेमस्त, मग आंबेडकरांचे सहकारी, मग कम्युनिस्ट, अशी ही तीन मुक्कामांची वाट आहे. पक्ष बदलणारा माणूस म्हटला की आपण नाक मुरडतो. पण प्रत्येक मुक्कामावर आपले पद, आपली सोय किंवा आपली सुरक्षितता वाढली की घटली, एवढे पाहिले तर खऱ्याखोट्याचा निवाडा सहज होतो. शामरावांची प्रत्येक वेळी घटलीच.

आता आपण एका अवघड जागी येतो, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १९४१ साली जर्मनीने रशियावर स्वारी केली आणि कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला लोकयुद्ध ठरवले. १९४२ साली गांधीजींनी 'छोडो भारत'ची हाक दिली तेव्हा हा पक्ष त्या लढ्याबाहेर राहिला. आणि आपल्या मुरबाडच्या मातीत त्या वेळी काय घडत होते? माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडीत होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना ते आणि हिराजी पाटील बळी पडले. दुष्काळी दिवसांत आदिवासींसाठी धान्यकोठी काढणारा हा माणूस सावकारशाहीविरुद्ध शामरावांइतकाच तळमळीचा होता. तरी दोघे एका लढ्यात भेटले नाहीत. कोतवालांचे रक्त ज्या तालुक्यात सांडले, त्याच तालुक्याच्या परिसरात दोन वर्षांनी लाल बावटा घेऊन येणाऱ्यांना 'तेव्हा तुम्ही कोठे होता?' हा प्रश्न लोकांनी विचारला असेल तर तो रास्तच होता. त्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देता येण्याजोगे नव्हते. ते कामानेच द्यावे लागणार होते.

त्या वेळचा ठाणे जिल्हा डोळ्यांपुढे आणा. भाताचे खाचर, वर वरकस जमीन, त्यावरचा राब, आणि त्यापलीकडे जंगल. आपल्या तालुक्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. उत्तरेस डहाणू-उंबरगावकडे वारली. जमीन एके काळी यांचीच. इंग्रजी अमलात सारा रोखीने भरण्याची सक्ती आली, कागद आला, कोर्ट आले, आणि ज्याला कागद वाचता येत होता त्याच्याकडे जमीन गेली. खंड भाताने द्यावयाचा. खंड दिल्यावर पावसाळ्यात खायला उरत नाही म्हणून सावकाराकडून खावटी आणावयाची. ती सुगीत दीडपट-दुपटीने फेडावयाची. लग्नासाठी कर्ज काढले तर नवऱ्यामुलाने, आणि बहुधा त्याच्या बायकोनेही, सावकाराच्या घरी राबून ते फेडावयाचे. फिटले असे सावकार म्हणेपर्यंत राबावयाचे, आणि सावकार तसे म्हणत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. शब्द किती मंगल आणि वस्तू किती भयंकर! मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला. त्यात या वेठीची आणि मारहाणीची नोंद सरकारी भाषेत आलेली आहे. म्हणजे गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला.

जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेची स्थापना-परिषद टिटवाळ्यास भरली. आपल्या मध्य रेल्वेवरचे टिटवाळे, महागणपतीचे. परिषदेची हाक गावोगाव पोचवण्यासाठी शामराव आणि गोदावरीबाई जिल्ह्यात हिंडली होती. उंबरगाव तालुक्यातून माया धांगडा नावाचा वारली आपल्या काही सोबत्यांसह या परिषदेस आला. आजवर त्याने पुढाऱ्यांची भाषणे ऐकली नव्हती. येथे त्याने ती नुसती ऐकली नाहीत, आपल्या लोकांचे हाल स्वतः उठून सांगितले. आमच्या मते या चळवळीचा खरा आरंभ तेथे आहे. कोणी शहाणा शहरातून येऊन जंगलातल्या माणसाला जागे करतो, असे चित्र आपण नेहमी रंगवतो. येथे जंगलातला माणूस स्वतः चालत टिटवाळ्यापर्यंत आला होता. परुळेकरांचे श्रेय हे की त्यांनी त्याचे म्हणणे ऐकले, आणि ऐकून झाल्यावर त्याच्यामागून त्याच्या गावी गेले.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी सुमारे ५,००० वारली जमले. ठराव साधे. वेठ करावयाची नाही. लग्नगडी म्हणून राबावयाचे नाही. दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याखेरीज मालकाच्या कामावर जावयाचे नाही. मारायला आला तर सर्वांनी मिळून उभे राहावयाचे. यात क्रांतीची भाषा कोठे आहे? कायद्याने गुलामगिरी केव्हाच बंद झालेली होती. वारली लोकांनी फक्त तो कायदा पाळावयाचे ठरवले. पण ठराव करून माणसे घरी गेली आणि काही आठवड्यांत पिढ्यान् पिढ्यांची वेठ गावामागून गाव मोडत गेली. लग्नगड्यांना त्यांचे शेजारी मालकांच्या वाड्यांतून घेऊन आले. भारत सेवक समाजाच्या शिस्तीत वाढलेल्या शामरावांनी हे सारे नोंदवून ठेवले आणि १९४७ मध्ये वारल्यांच्या उठावावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. बाईंनी पुढे आपल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात ती हकीकत मराठीत सांगितली, आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

माणूस जागा झाला की मालकालाही जाग येते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे ठार झाले. बाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी हूल उठवून या लोकांना तेथे जमवण्यात आले होते. पुढच्या वर्षी गवतकापणीचा आणि जंगलकामाचा संप झाला. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये आणि जंगलात दिवसाला सव्वा रुपया ही मागणी. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत आणि मुंबईच्या बांधकामाला लागणारे लाकूड याच रानातून जात असे. आपल्या शहापूरच्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते तसेच. रान थांबले तर शहराला कळते, हे त्या संपाने प्रथमच दाखवले. १९४६ च्या अखेरीस चळवळीच्या पुढाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच आदिवासी ठार झाले.

या वेळी राज्य कोणाचे होते? बाळासाहेब खेरांचे. गृहखाते मोरारजी देसाईंकडे. आणि हे खेर म्हणजे १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापणारे, ठाण्याच्या जंगलपट्टीत शाळा व वसतिगृहे काढणाऱ्यांना बळ देणारे सज्जन गृहस्थ. येथे एका बाजूला दुष्ट आणि दुसऱ्या बाजूला सुष्ट अशी सोपी वाटणी करता येत नाही. दोघांनाही आदिवासींचे भले हवे होते. खेरांना ते शिक्षणाने, सेवेने, मालकाच्या मनात दया उपजवून, सावकाश घडावे असे वाटे. शामरावांना वाटे की उपाशी आणि भ्यालेल्या माणसाला आधी ताठ उभे राहता आले पाहिजे, शाळा त्यानंतर. आम्ही दोन्ही बाजूंचा आदर राखून एवढेच म्हणू की वसतिगृहातून शिकून मुले बाहेर पडली आणि ती चांगलीच गोष्ट झाली. परंतु लग्नगडी सुटले ते दयेने सुटले नाहीत.

स्वराज्य आले. १९४८ चा कूळकायदा झाला, तो १९५६ मध्ये दुरुस्त झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. कायदा चांगला, पण तो कागद पाहून लागू होतो. ज्याचे कूळपण तोंडी होते, ज्याचे नाव पीकपाहणीत तलाठ्याने कधी चढवलेच नव्हते, त्याला मालकी कशी मिळणार? आपल्या तालुक्यांतील किती ठाकूर-कातकरी कुटुंबे या एका नोंदीपायी कोरडी राहिली, ते वयस्कर श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. नावे लावून घेणे, अर्ज लिहिणे, मामलेदार कचेरीत माणसांबरोबर बसून राहणे, हेच किसान सभेचे रोजचे काम झाले. गोळीबाराच्या हकीकती सर्वांना आठवतात. चळवळ जगते ती मात्र अशा कंटाळवाण्या कामांवर. १९५५ साली अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन डहाणूस भरले. दहा वर्षांपूर्वी ज्याला मालकासमोर बसण्याची छाती नव्हती, तो माणूस साऱ्या देशातून आलेल्या शेतकऱ्यांचा यजमान झाला होता.

मग आली १९५७ ची निवडणूक. मुंबईसह महाराष्ट्र न देता द्वैभाषिक लादल्याचा संताप सर्वत्र होता. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले. शामरावांच्या बाबतीत तर हे जुने घर पुन्हा भेटल्यासारखे होते. १९३८ चे सोबती आणि आताचे सोबती एका मांडवात आले.

त्या निवडणुकीची रीत तरुण श्रोत्यांना ठाऊक नसेल. ठाणे हा तेव्हा लोकसभेचा जोड मतदारसंघ होता. त्यात एक जागा सर्वसाधारण आणि एक आदिवासींसाठी राखीव. मतदाराला मते दोन. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. शिक्का मारावयाची पद्धत पुढची. काँग्रेसच्या पेटीवर बैलजोडी, कम्युनिस्टांच्या पेटीवर विळा आणि कणीस. अक्षरशत्रू माणसाला वाचता येईल असेच हे सारे होते, आणि ज्याचा सारा जन्म विळा हाती धरून दुसऱ्याचे कणीस कापण्यात गेला, त्याला ते चिन्ह कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ठाण्याच्या दोन्ही जागा त्या पक्षाने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर शामराव विष्णु परुळेकर आणि राखीव जागेवर लक्ष्मण महादू माटेरा. हे दुसरे नाव आपण सहसा घेत नाही. पण आमच्या मते त्या निकालाचा अर्थ त्या जोडीत आहे. शहरातून आलेला शिकलेला पुढारी आणि रानातला माणूस, दोघे एकाच वेळी एकाच सभागृहात सारख्याच अधिकाराने जाऊन बसले. वेठ मोडून तेव्हा बारा वर्षे झाली होती.

लोकसभेत गेल्यावर त्यांच्या हातून काय झाले, असा प्रश्न आता आपण विचाराल. त्या लोकसभेत निवडून आलेले सभासद ४९४; त्यांत काँग्रेसचे ३७१; कम्युनिस्टांचे २७, आणि तोच सर्वांत मोठा विरोधी पक्ष. एवढ्या बळावर कायदे करता येत नाहीत, फक्त प्रश्न विचारता येतात. शिवाय घटनेने जमीन, पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्याकडे दिलेले आहेत. म्हणजे ज्या तीन गोष्टींनी ठाण्याच्या आदिवासींचे आयुष्य बांधलेले होते, त्या तिन्हींवर दिल्लीच्या सभासदाचा थेट हात पोचत नव्हता. झरीच्या माळावर एका ठरावाने जे साधले ते संसदेच्या गालिच्यावर पाच वर्षांत साधण्याजोगे नव्हते, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला खोटे पाडणार नाही. परंतु प्रतिनिधीचे मोल केवळ त्याने करून आणलेल्या कामांच्या यादीवरून ठरवू नये. आपला माणूस तेथे आहे, एवढ्या जाणिवेने तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजात फरक पडतो. तो फरक कोणत्याही अहवालात नोंदवला जात नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पण सीमा आखताना उंबरगाव तालुका दुभंगला. काही भाग गुजरातेत गेला, आणि झरीसह उरलेल्या भागाचा तलासरी तालुका होऊन तो महाराष्ट्रात राहिला. एका चळवळीच्या माणसांना एका रात्रीत दोन राज्ये मिळाली. १९६१ मध्ये जोड मतदारसंघ रद्द झाले, आणि १९६२ च्या निवडणुकीत ठाण्याची जागा काँग्रेसचे सोनूभाऊ बसवंत यांच्याकडे गेली. शहापूरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हेच. जव्हारचे माजी संस्थानिक यशवंतराव मुकणे हेही त्याच वेळी लोकसभेत गेले. लोकांनी एकदा निवडले, पुढच्या खेपेस दुसऱ्याला निवडले. यात कृतघ्नता पाहू नये. मत स्वतःचे झाले याचा पुरावाच तो. जो माणूस मालक बदलू शकतो तो गडी राहिलेला नसतो, आणि जो मतदार प्रतिनिधी बदलू शकतो तो कोणाची मिळकत राहिलेला नसतो.

शामरावांचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली. १९६४ साली पक्ष दुभंगला. परुळेकर पतिपत्नी मार्क्सवादी गटात राहिली आणि पुन्हा स्थानबद्ध झाली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, स्थानबद्धतेतच, शामरावांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर खटला चाललेला नव्हता, गुन्हा शाबीत झालेला नव्हता. इंग्रजांच्या तुरुंगातून जिवंत सुटलेला माणूस स्वराज्याच्या तुरुंगात गेला. त्या वेळी देशावर संकट होते, सरकारला संशय होता, हे सारे मान्य केले, तरी ज्या सभागृहाने पाच वर्षे त्यांना माननीय सभासद म्हणून हाक मारली, त्याच राज्यसंस्थेने त्यांना विनाचौकशी कोठडीत ठेवले, ही गोष्ट आपल्या लोकशाहीच्या वहीत वजाबाजूला लिहावीच लागेल.

येथे आम्हांला दूरदेशीचा एक माणूस आठवतो. युरोपच्या आग्नेयेस सर्बिया नावाचा शेतकऱ्यांचा देश आहे. तेथला आदाम बोगोसाव्ल्येविच हा शेतकऱ्याचा मुलगा राजधानीत उच्च शिक्षण घेऊन नोकरी न करता गावी परतला, शेतकऱ्याचा पोशाख त्याने सोडला नाही, आणि १८७४ साली तो विधिमंडळात निवडून गेला. अधिकाऱ्यांचे पगार कमी करा, शेतकऱ्यावरचा बोजा उतरवा, असे त्याने तेथे निक्षून सांगितले. १८८० साली त्याला पकडण्यात आले आणि तुरुंगातच त्याचा अंत झाला. शामराव शहरातून गावाकडे आले, हा शहर पाहून गावाकडे परतला. काळ निराळा, भाषा निराळी, धर्म निराळा. पण गावाचे दुःख सभागृहात जसेच्या तसे नेणाऱ्या माणसाला दोन्हीकडे सारखाच मुक्काम लाभला. राज्यकर्त्यांना विरोधी मत चालते. त्या मतामागे जागी झालेली माणसे उभी असली की मग ते चालेनासे होते.

गोदावरीबाई पुढे तीस वर्षे त्याच जंगलपट्टीत काम करीत राहिल्या; १९९६ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. दरम्यान कायदे पुष्कळ झाले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा, वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा, वनहक्कांचा २००६ चा. झरीचा ठराव १९४५ चा आणि संसदेचा वेठबिगारीचा कायदा १९७६ चा! निरक्षर माणसे माळावर बसून जे बोलली ते कायद्याच्या पुस्तकात यायला एकतीस वर्षे लागली. २०१४ साली जिल्ह्याचेही दोन भाग झाले. तलासरी, डहाणू पालघरकडे गेले, शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. झरी आता आपल्या जिल्ह्यात नाही. पण म्हणून ती आपल्या इतिहासात नाही असे कोणी समजू नये.

समारोप करताना पुन्हा शेणव्याकडे येऊ. आपल्या तालुक्यातून तलाव भरभरून पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. हा प्रश्न सोडवण्यास कोण माणूस दिल्लीला किंवा मुंबईला पाठवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. ते सांगणे आमचे काम नव्हे. शामराव परुळेकरांच्या चरित्रातून आम्हांला मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. त्यांनी लोकांना प्रथम आपल्याला निवडून द्या असे सांगितले नाही. बारा वर्षे अगोदर येऊन ताठ उभे राहा असे सांगितले. उभी राहिलेली माणसे मग काय ते निवडतात. त्यांची निवड कधी चुकेल, कधी बदलेल. पण ती त्यांची असेल. टिटवाळ्याच्या परिषदेत माया धांगडा बोलायला उठला तेव्हा त्याला मत नव्हते, सातबारा नव्हता, पक्ष नव्हता. तो उठला, आणि त्याचे म्हणणे ऐकणारा माणूस तेथे होता. पुढचे सारे त्यातून घडले.